हजार शब्दांसाठी सासूबाई

तुम्ही कधी शब्द कमी पडले म्हणून माणसाला मारलंय का?... नाही ना? मी मारलंय. आणि परकं कोणी नाही, माझ्या सासूबाईंना! दोनशे चाळीस शब्द कमी पडत होते हो! हसू नका... बरं, हसा, हसलात तर मला जरा सोपं जाईल. आपल्या बचत गटाच्या ताई म्हणाल्या, आशाताई, तुमचा धंदा ऑनलाईन आहे, चार बायकांना दोन अनुभवाच्या गोष्टी सांगा. मी म्हटलं, सांगते, पण त्यात अभिमानाचं काही नाही, सगळी लाजच आहे. पदर तोंडावर घेऊन सांगितली असती, पण आज नेमकी ड्रेस घालून आलेय.

तर माझा धंदा म्हणजे डाळिंब्या. रायगडकडच्या बायका आहात त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगते, वाल भिजवायचे, पंच्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, तो जो आत पांढरा, नाजूक निघतो ना, ती डाळिंबी. बिरडं करा, भात करा. खायला दहा मिनिटं, सोलायला अख्खी सकाळ! म्हणून तर लोक माझ्याकडून घेतात. म्हणजे माझ्याकडून कसलं... भिजवते मी, डबे भरते मी, फोनवर गोड बोलते मी, पण सोलतात कोण? सासूबाई. हौसाबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाटावर बसतात, टीव्ही चालू, नजर मालिकेवर, आणि अंगठा असा चालतो की वाल स्वतःच कपडे काढून बाहेर पडतो! मोड तुटत नाही, डाळिंबी मोडत नाही. मी दिवसभर बसले तरी मला ते जमणार नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. मी विसरले होते, म्हणून तर हे रामायण.

मीरा रोडच्या हाटकेशमध्ये आमची बिल्डिंग, खाली हितेशभाईंचं झेरॉक्सचं दुकान. माणूस चांगला, कुणाचं आधार कार्ड लॅमिनेट करताना कड वाकडी झाली तर स्वतःला बोल लावून घेणारा. या माणसानं तीन शनिवारांचा कोर्स केला. कसला? तर गूगलवर आपलं नाव वर कसं आणायचं! तिसऱ्या शनिवारनंतर जे गिऱ्हाईक दुकानात शिरेल त्याला वर आणायला निघाले. मी गेले होते रेशन कार्डाच्या दोन कॉप्या काढायला...

“आशाबेन, आपका वेबसाइट है?”

“नाही हो.”

“नहीं है? तो आप हो ही नहीं!”

मी झेरॉक्सच्या मशीनच्या काचेत बघितलं, होते मी. पण मनात आलं, खरंच की, मला ओळखतं कोण? आमच्या दोन बिल्डिंगी आणि आमच्या यांच्या कारखान्यातले चार जण. हितेशभाईंनी तिथल्या तिथे फुकटातलं एक पान बनवून दिलं, गूगलच्या नकाशावरही माझं नाव टाकलं. म्हणाले, वाल तर आमच्याकडेही लग्नात होतात, धर्माचं काम आहे, पैसे नकोत. आणि मग सुरू झाला उपदेश!

“देखो आशाबेन, जो शब्द लोग ढूंढते हैं, वो शब्द बार-बार लिखो. जितनी बार लिखोगे, उतना ऊपर जाओगे.”

मी दहावी पास बाई. आमच्या वेळी शुद्धलेखन चुकलं की बाई दहा वेळा लिहायला लावायच्या, तेव्हा जास्त वेळा लिहिलं की फायदा होतो हे मला पटकन पटलं. मी लिहिलं, ‘हाटकेशमधले वाल, हाटकेशच्या घरगुती वालांना हाटकेशमधून मागणी, हाटकेशकरांनो, हाटकेशचे वाल हाटकेशमध्येच खा.’ चाळीस वेळा हाटकेश! नामस्मरणच. इतकं देवाचं नाव घेतलं असतं तर देव स्वतः डबे पोचवायला आला असता. पुन्हा हितेशभाई म्हणाले, आणखी दोनशे वेळा मीरा रोड लिहा, पण पांढऱ्या अक्षरात, पांढऱ्यावर पांढरं, माणसाला दिसत नाही, गूगलला दिसतं. मला जरा खटकलं हो. लपवून कशाला लिहायचं? चोरी आहे का? पण म्हटलं, कोर्स मी केलाय का त्यांनी?

मग इंग्रजी. “अंग्रेजी में भी चाहिए.” मी फोनमध्ये मराठीत लिहिलं ‘सोललेल्या डाळिंब्या’, फोननं त्याचं इंग्रजी करून दिलं, हितेशभाईंनी ते मोठ्या अक्षरात वर चिकटवलं. मी वाचलं, पहिला शब्द ‘पील्ड’, तो कळला. दुसरा शब्द ‘पी’पासून सुरू होऊन संपेचना. मला वाटलं, आपल्या डाळिंब्यांचं इंग्रजी नाव असेल, लांबलचक आहे, भारदस्त आहे, छान आहे.

तिसऱ्या दिवशी फोन. “मॅडम, दो किलो अनार भेज दो, छिला हुआ.”

मी म्हटलं राँग नंबर. दुसरा फोन, घोडबंदरवरून कुणी ज्यूसवाला, “रोज का दस किलो अनारदाना दे पाओगे?” तिसरा एक बिचारा, त्याच्या वडलांना तापातून उठल्यावर डॉक्टरांनी डाळिंब सांगितलेलं, तो तर रडकुंडीला आलेला. मी प्रत्येकाला सांगतेय, “डाळिंब नाही हो, डाळिंब्या! अनार नहीं! वाल! वाल!” तर एक जण म्हणतो, “वॉल? दीवार का काम भी करते हो? हमारे बाथरूम में लीकेज है.”

आता सांगा! दिवसाला आठ-आठ फोन, अनार, अनार, अनार, मध्येच एक लीकेज. मी हितेशभाईंकडे धावले. ते म्हणाले, “अच्छा है ना! ट्रैफिक आ रहा है!” मी कंटाळून अनोळखी नंबर उचलायचेच सोडले. हेही लक्षात ठेवा हं.

आता येते पापाकडे. हितेशभाई म्हणाले, पान छोटं आहे. हजार शब्द पाहिजेत. “हजार से कम हो तो गूगल देखता भी नहीं. गूगल को शब्दों की भूख होती है, आशाबेन!”

मला सांगा, वालावर हजार शब्द कुणी लिहील का? भिजवले, बांधले, मोड आले, सोलले. संपलं! मी वालाचे गुण लिहिले, अवगुणही लिहिले, वात होतो म्हणून वर ओवा घाला इथपर्यंत खरं खरं लिहिलं. हाटकेश धरून झाले सातशे साठ. फोनच मोजून सांगत होता. दोनशे चाळीस कमी! मी ओट्याशी उभी, एका हातात झारा, एका हातात फोन, आणि हितेशभाईंचं वाक्य डोक्यात, “कोई इमोशनल स्टोरी डालो, आदमी रोना चाहिए, रोया तो रुका, रुका तो रैंकिंग.”

आणि मी लिहिलं...

काय लिहिलं ते सांगू? सांगते. ‘माझ्या कैलासवासी सासूबाई हौसाबाई यांनी ही कला मला दिली.’ बोटं आपली चालत राहिली. ‘आज त्या आपल्यात नाहीत.’ चार शब्द. ‘त्यांचा रिकामा पाट पाहिला की डोळे भरून येतात.’ आठ. तो पाट रिकामा कुठे होता? त्याच्यावर त्या बसलेल्या! माझ्यापासून चार हातांवर! मला विचारताहेत, “आशा, झाले का गो ते दुसरे वाल कोमट?” आणि मी “हो आई, देते” म्हणतेय आणि लिहितेय, ‘शेवटच्या क्षणी त्यांनी मूठ उघडली, तर आत एक डाळिंबी होती.’

मोजलं. एक हजार चार.

खरं सांगते, मला तेव्हा काही वाटलं नाही. त्याचंच मला आता वाईट वाटतं. मला वाटलं, हे काय खरं थोडंच आहे, गूगलला सांगितलंय, आपल्या माणसांना थोडंच सांगितलंय!

पुढच्या आठवड्यात मी फोनवर बघितलं, मी पहिली! ‘हाटकेश वाल’ टाकलं की सगळ्यात वर मी. पुन्हा बघितलं, पुन्हा मी. दिवसातून तीस वेळा बघायची, तीसही वेळा पहिली. शाळेत कधी पहिली आले नव्हते हो! मी पाव किलो पेढे आणले, मजल्यावर वाटले. समोरच्या जागृतीबेननी पेढा खात आपल्या फोनवर बघितलं, म्हणाल्या, “आशाबेन, मेरे में तो आप दिखते ही नहीं!” मी म्हटलं, तुमचं नेटवर्क वीक असेल. एक पेढा सासूबाईंनाही दिला.

“कसला गो पेढा?”

“पहिला नंबर आला आई.”

“कुणाचा?”

“आपला... आपल्या डाळिंब्यांचा.”

“बरां झाला,” म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्वतःच्या मरणाचा पेढा खाल्ला हो त्यांनी. कौतुकानं खाल्ला.

मग भाईंदरच्या शैलाताईंचा फोन. जुनं गिऱ्हाईक, नंबर ओळखीचा, म्हणून उचलला. तिकडून आवाज भरलेला, “आशाताई, आत्ताच वाचलं हो. आजी गेल्या! कळवलं पण नाही तुम्ही!” सासूबाई समोरच. मी फोन घेऊन बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि हळूच म्हटलं, “नाही हो, त्या आहेत, त्या आहेत!” तर शैलाताई म्हणतात, “हो हो, आपल्यातच आहेत, असंच समजायचं. धीर धरा.” मी म्हटलं, अहो खरंच आहेत! तर त्या आणखीच रडायला लागल्या. आणि शेवटी नाक पुसत म्हणाल्या, “मग ती शनिवारची ऑर्डर आता राहू दे. आजी नाहीत तर सोलणार कोण? तुमचे काय, मोडतात.”

तुमचे काय, मोडतात! खरं बोलल्या, पण लागलं.

तेव्हा तरी काढायचं की नाही मी ते? विचारायला गेले, तर हितेशभाईंनी दोन्ही हात वर केले, “हाथ मत लगाना! अभी-अभी नंबर आया है! छह महीने छेड़ना नहीं, गूगल नाराज हो जाता है!” आणि मी... मी नाही काढलं. घरात जिवंत बाई आणि मी गूगलच्या रागाचा विचार करतेय! ही चूक हितेशभाईंची नाही हं. शब्द कमी पडत होते तेव्हा एक वेळ बोटं घसरली म्हणा, पण आता तर शब्द पुरे होते, तरी मी गप्प बसले. पहिला नंबर हातचा जाईल म्हणून.

झालं. बुधवारी सकाळी अकराला बेल वाजली. मी गॅसवर पाणी कोमट करत होते, सहा किलोची ऑर्डर होती कुणाच्या तरी साखरपुड्याची, वालाला मोड आलेले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोलून व्हायलाच हवेत. दार सासूबाईंनी उघडलं. दारात त्यांचे धाकटे भाऊ, आमचे दत्ताराम मामा. रायगडातल्या तळे गावाहून पहाटेची एसटी धरून आलेले. दाढी वाढलेली, डोळे लाल, काखेत कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं. आमच्याकडे रीत आहे, बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. बहिणीचं सगळं आटोपून गेलं, निदान तिच्या फोटोपुढे तरी ठेवू म्हणून म्हातारा घेऊन आलेला.

मामा बघतच राहिले. सासूबाईंनी आधी त्यांचा चेहरा बघितला, मग लुगडं बघितलं आणि छातीवर हात ठेवला.

“दत्तू! कोन गेला रे?”

मामांनी लुगडं पुढे केलं, मागे घेतलं. शेवटी म्हणाले, “तू.”

“मी?”

“तू गेलीस ताई. म्हनून आलू.”

मी स्वयंपाकघरात उभी. ते पाणी कोमटाचं कढत झालं, उकळलं, आणि मला गॅस बंद करायचं भान नाही.

मामांच्या नातवानं गावात फोनवर दाखवलेलं. मामांनी यांना फोन केले, यांचा फोन कारखान्यात लॉकरमध्ये. मला केले, दहा केले, म्हणे! नातवाच्या फोनवरून! अनोळखी नंबर. मला वाटलं अनार. मी उचललेच नाहीत.

मग मामांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. नातवानं छापून दिलेला. मोठ्यानं वाचायला लागले. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या पाटावर बसल्या, मांडीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. हाटकेश, हाटकेश, हाटकेश... मग कैलासवासी... मग रिकामा पाट... मग मूठ. मी म्हटलं, आता भुई फाटेल तर बरं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, भुई फाटली तरी खाली जागृतीबेनच्या बहिणीचा हॉल.

सगळं ऐकून सासूबाईंनी एवढंच विचारलं, “मी मेली कशानं?”

मामांनी कागद उलटसुलट बघितला. “ता न्हाय लिव्हलेला.”

“आन मुठीत एकच डालिंबी? सत्तर वर्सां सोलली, आन एकच?”

मामा रडता रडता हसायला लागले, म्हणाले, “ताई, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हनतात.”

“वाढला म्हंजे आजून वाल सोलायचे,” त्या म्हणाल्या. मग लुगड्याकडे हात केला. “बारा वर्सां भाऊबीजेला खण न्हाय आनलास. मेल्यावर लुगडा! ठेव तिथं.”

माझ्याकडे बघितलंच नाही. मामा जेवून गेले. सासूबाई जेवल्या नाहीत. मी पाट मांडला तर म्हणाल्या, “रिकामाच र्‍हाऊ दे. डोले भरून येतील तुझे.” आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या. सहा किलो वाल पंच्यात फुगत होते.

संध्याकाळी मी माझ्या बहिणीच्या मुलीला बोलावलं, समिधाला. अंधेरीच्या ऑफिसात हेच काम करते ती. मला आधी का नाही सुचलं म्हणता? लाज! भाचीपुढे अडाणी दिसायला नको, म्हणून झेरॉक्सवाल्याला गुरू केलं. तिनं पान बघितलं, आधी हसली, मग वाचत गेली तशी हसायची थांबली.

“मावशी, गूगल शब्द मोजत नाही गं. शंभरात सांगून होत असेल तर शंभर.”

“म्हणजे हजार पाहिजेतच असं...”

“नाही.”

ऐकलंत? नाही! गरजच नव्हती! मी उगाचच मारलं त्यांना!

“आणि तेच तेच चाळीस वेळा लिहिलं की ते वर नाही, खाली ढकलतात. पांढरी अक्षरं लपवणं तर सरळ लबाडी धरतात.”

“पण मी पहिली आले ना!”

“तुझ्या फोनवर. तू रोज तीसदा स्वतःलाच शोधतेस, फोनला वाटतं हिला हेच आवडतं. आरशापुढे उभं राहून, या खोलीत मीच पहिली, असं झालं ते.”

“आणि बदल केला की गूगल रागावतं?”

“चूक सुधारली म्हणून कोण रागावतं मावशी?”

मी म्हटलं, मग खरं काय आहे ते तरी सांग. ती म्हणाली, फार काही नाही. लोक जो शब्द बोलतात तो लिही, पत्ता-नंबर बरोबर दे, फोन उचल, आणि खरं लिही. मग तिनं गूगलच्या नकाशावरचं माझं नाव उघडून दाखवलं. तिथे गिऱ्हाइकांनी आपणहून लिहिलेलं, अकरा जणांनी, मी कधी बघितलंच नव्हतं. अकरातल्या नऊ जणांनी एकच लिहिलेलं... ‘आजी स्वतः सोलतात.’ ‘आजींच्या हाताला तोड नाही.’ ‘आजींना नमस्कार सांगा.’ समिधा म्हणाली, “अनार सोडून जे खरे लोक आले ना, ते हे वाचून आले. आणि तू नेमकं...” खाटेवरून आवाज आला, “आयुष्य वाढतं म्हनतात ता तरी खरां का गो, समिधा?” ऐकत होत्या सगळं! समिधा म्हणाली, “ते गूगललाही माहीत नाही आजी.”

समिधानं तिथल्या तिथे अनार काढला, हाटकेश काढले, आणि ते दोनशे चव्वेचाळीस शब्द पुसायला बोट ठेवलं. मी म्हटलं, थांब, ते मी पुसते. एकेक करून पुसले. लिहायला दहा मिनिटं लागली होती, पुसायला अर्धा तास.

ती गेल्यावर मी खाटेजवळ बसले. म्हटलं, आई... त्या भिंतीकडे बघूनच म्हणाल्या, “हजार सबूद लिव्हलेस ना माज्यावर? आता बोल की. मी ऐकते हाय.”

आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मला खरोखर शब्द कमी पडले. हजारांतला एक उपयोगाचा नाही! वात, ओवा, हाटकेश... काय करू त्यांचं? तोंडातून एकच निघाला. “चुकले.” त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मी दिवा मालवला. मनाशी ठरवलं, उद्या आपणच सहा किलो सोलायचे, मोडतील तेवढे मोडतील, साखरपुड्यात लोक मोडके वाल खातील आणि मला नावं ठेवतील, ठेवू देत, ते तरी खरं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तेव्हा सासूबाई मामांनी आणलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात दीड किलो डाळिंब्या सोलून तयार होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला, अनोळखी नंबर, तो त्यांनीच उचलला, “अनार न्हाय. डालिंब्या हायत. मी सोलते हाय,” म्हणाल्या आणि ठेवून दिला.